अंड्याच्या टरफलांपासून हाडासाठी सिरॅमिक: प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४, जळगाव

प्रकल्पाला आज विभागाची मान्यता मिळाली. काम असे आहे: अंड्यांच्या टरफलांतील कॅल्शियम वापरून हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट आणि बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट (पुढे बीटा टीसीपी) ही दोन सिरॅमिके तयार करायची, त्यांचे प्रमाण आपल्या इच्छेनुसार ठेवता येते का ते पाहायचे आणि शरीरद्रवासारख्या द्रावणात ती कशी वागतात हे तपासायचे. येथे तयार होणारा कोणताही नमुना रुग्णासाठी नाही, हे पहिल्याच पानावर नोंदवून ठेवतो.

हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खनिजाचा असतो आणि उरलेला मुख्यतः कोलॅजन व पाण्याचा असतो. हे खनिज हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटच्या कुळातील असले तरी शुद्ध नसते. त्यात कार्बोनेट, मॅग्नेशियम, सोडियम मिसळलेले असतात आणि कॅल्शियम थोडे कमी पडते. शुद्ध हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटमध्ये दर ६ फॉस्फरसमागे १० कॅल्शियम, म्हणजे १.६७ हे गुणोत्तर असते. बीटा टीसीपीत ते १.५० असते. या दोन आकड्यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात आमचे सगळे काम होणार आहे.

शरीरात बसवायचा पदार्थ जितका निष्क्रिय तितका चांगला, अशी पूर्वी धारणा होती. अशा पदार्थाभोवती शरीर तंतुमय ऊतीचे पातळ वेष्टण तयार करते आणि पदार्थ हाडापासून वेगळाच राहतो. १९६९ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात लॅरी हेंच यांनी वजनाने ४५ टक्के सिलिका, प्रत्येकी २४.५ टक्के सोडियम ऑक्साइड व कॅल्शियम ऑक्साइड आणि ६ टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड असलेली काच तयार केली. ती हाडाशी इतकी घट्ट जुळली की ओढूनही सुटेना. पदार्थाचा पृष्ठभाग थोडा विरघळावा, त्यावर अ‍ॅपेटाइटचा थर बसावा आणि त्या थराशी हाड जुळावे, हा विचार तेव्हापासून या शास्त्राच्या मध्यभागी आहे. आम्हाला ज्याचा शोध घ्यायचा आहे ते हे विरघळण्याचे माप आहे.

२६ नोव्हेंबर २०२४, नवापूर

टरफले आणण्यासाठी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला गेलो. कुक्कुटपालनासाठी हा तालुका प्रसिद्ध आहे आणि फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक येथेच झाला होता; २०२१ मध्येही येथील पक्षी नष्ट करावे लागले. त्यामुळे टरफलांच्या स्वच्छतेबद्दल विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न योग्यच होता. ९०० अंशांच्या भट्टीतून काढलेल्या पदार्थात विषाणू किंवा प्रथिन टिकू शकत नाही. तरीही भट्टीपर्यंतची हाताळणी हातमोजे व मुखपट्टी लावूनच करायची, असे ठरले.

उबवणीनंतरची टरफले घ्यावीत की खानावळींतील ताजी, याचा विचार करावा लागला. पिल्लाच्या हाडांसाठी लागणारे बरेचसे कॅल्शियम टरफलातूनच जाते, त्यामुळे उबवलेले टरफल आतून झिजून पातळ झालेले असते. शिवाय उबवणी केंद्रात धुरी दिलेली असते आणि टरफलांत अविकसित अंड्यांचे अवशेष मिसळलेले असतात. उबवणी केंद्राच्या मालकांनी पोती भरून देण्याची तयारी दाखवली. “भाऊ, यातली न उबवलेली, नुसती फुटलेली अंडी वेगळी देता येतील का?” असे विचारल्यावर त्यांनी तीच निवडून दिली. कोंबडीच्या शरीराने कॅल्शियम कार्बोनेट घडवायचे, त्यातून पिल्लाची हाडे घडायची आणि आम्ही तेच कॅल्शियम माणसाच्या हाडाच्या खनिजाकडे वळवायचे, या साखळीचा विचार परतीच्या वाटेवर बराच वेळ मनात होता.

५ डिसेंबर २०२४

टरफले उकळत्या पाण्यात ठेवून आतील पापुद्रा हाताने सोलला, ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन वाळवले आणि दळले. २०० ग्रॅम पूड मफल भट्टीत ९०० अंश सेल्सियसला दोन तास ठेवली. १०८ ग्रॅम पांढरी भुकटी मिळाली. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड गेल्यावर ५६ टक्के वजन उरते. टरफलात सेंद्रिय द्रव्यही असल्यामुळे ५४ टक्के हा आकडा समाधानकारक आहे. भुकटी लगेच हवाबंद डब्यात भरली, कारण चुना हवेतील ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा जड होतो.

१७ डिसेंबर २०२४

आज अनुमापन केले, म्हणजे माहीत तीव्रतेचे द्रावण थेंबाथेंबाने घालून भुकटीत काय किती आहे ते मोजले. पीएच १० ला एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंगदर्शक वापरून ईडीटीएने (हे संयुग या धातूंना बांधून घेते) कॅल्शियम व मॅग्नेशियम एकत्र मोजले, मग पीएच १२ च्या वर नेऊन मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडच्या रूपाने खाली बसवले आणि फक्त कॅल्शियम मोजले. दोहोंतील फरक म्हणजे मॅग्नेशियम. आमच्या भुकटीत दर १०० कॅल्शियम अणूंमागे सुमारे १.७ मॅग्नेशियम अणू आहेत. कॅल्शियम ऑक्साइड वजनाने ९५.५ टक्के निघाले.

हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणून अनेक ठिकाणी गाळले जाते. टरफलाची भुकटी शुद्ध कॅल्शियम ऑक्साइड आहे असे गृहीत धरून पुढे जाणे सोपे असते. त्या गृहीताची किंमत किती ते कळावे म्हणून आम्ही मुद्दाम दोन घाणे करणार आहोत: ‘अ’ भुकटी शुद्ध मानून, ‘ब’ अनुमापनाच्या आकड्यावरून.

९ जानेवारी २०२५

दोन्ही घाणे पूर्ण झाले. पद्धत ओल्या अवक्षेपणाची आहे. ‘अ’साठी २८.०४ ग्रॅम भुकटी पाण्यात विझवून एक लिटर दुधाळ राबडी केली. शुद्ध असती तर तिची तीव्रता ०.५ मोलर झाली असती. तिच्यात ०.३ मोलर फॉस्फोरिक आम्लाचे एक लिटर द्रावण ब्युरेटमधून थेंबाथेंबाने सोडले. ‘ब’मध्ये कॅल्शियम व मॅग्नेशियम मिळून बरोबर ०.५ मोल होतील इतकी भुकटी घेतली. पीएच १० च्या खाली जाऊ लागला की अमोनियाचे द्रावण घातले, कारण पीएच घसरला तर कॅल्शियम कमी असलेले फॉस्फेट तयार होते आणि मग मोजमापाचा उपयोग राहत नाही.

आम्ल किती सावकाश सोडायचे यावर विद्यार्थिनीशी चर्चा झाली. “सर, ढवळणे जोरात असेल तर वेग वाढवला तरी चालेल ना?” असे तिचे म्हणणे होते. विझवलेल्या चुन्याचे कण पाण्यात पूर्ण विरघळलेले नसतात. आम्ल घाईने आले तर कणावर फॉस्फेटचे कवच बसते आणि आतला चुना तसाच अडकून राहतो. तो नंतर भट्टीत सुटा चुना म्हणून बाहेर येतो, ओल धरून फुगतो आणि भुकटी दाबून केलेल्या वडीला तडा देतो. म्हणून ढवळण्याचा जोर कितीही असला तरी थेंबांचा वेग वाढवायचा नाही. अवक्षेप रात्रभर तसाच ठेवून मुरू दिला, मग धुऊन गाळला आणि १०० अंशांवर वाळवला. धुण्यासाठी नळाचे पाणी अजिबात वापरलेले नाही. आपल्याकडच्या विहिरी-बोअरचे पाणी जड आहे आणि त्यातून आणखी कॅल्शियम-मॅग्नेशियम आत आले असते.

२३ जानेवारी २०२५, धुळे

अस्थिरोगतज्ज्ञ डॉक्टरांना भेटलो. प्रयोगशाळेत बसून हाडाचा पदार्थ बनवणाऱ्याने शस्त्रक्रिया करणाऱ्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, असे मला सुरुवातीपासून वाटत होते.

त्यांच्याकडे धडगाव, अक्कलकुव्याच्या बाजूने सिकलसेलचे रुग्ण येतात. सिकलसेलमध्ये विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्या अडवतात आणि मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते आतून मरते. हे तरुण वयातच होते. डोके अजून खचलेले नसेल तर हाडात छिद्र पाडून आतील दाब कमी करतात आणि पोकळीत हाडाचा चुरा किंवा त्याचा पर्याय भरतात. खचल्यावर मात्र खुब्याचा सांधा बदलावा लागतो. कृत्रिम सांध्याच्या दांड्यावर हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचा प्लाझ्माने, म्हणजे अतितप्त वायूच्या झोताने, फवारलेला लेप देण्याची पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यापासून आहे; त्या लेपामुळे सिमेंटशिवायही हाड दांड्याला धरते.

डॉक्टर म्हणाले, “कमरेच्या हाडातून तुकडा काढला की रुग्णाला दुसरी जखम होते, आणि या रुग्णांना दुसरी जखम मला नको असते. पण तुमचा पदार्थ वर्षानुवर्षे तसाच राहणार असेल तर एक्स-रेवर मला नवे हाड दिसणार नाही. आणि दोन महिन्यांत विरघळणार असेल तर पोकळी पुन्हा रिकामी होईल.” आमच्या संपूर्ण प्रकल्पाचा प्रश्न त्यांनी या तीन वाक्यांत मांडला. दाट भाजलेले हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट शरीरात अनेक वर्षे टिकते. बीटा टीसीपी त्यामानाने पुष्कळ लवकर झिजते आणि ऑस्टिओक्लास्ट या हाड झिजवणाऱ्या पेशी ते खातात. दोहोंचे मिश्रण म्हणजे द्विप्रावस्था (दोन स्फटिकरूपे एकत्र असलेले) कॅल्शियम फॉस्फेट, आणि त्यातील प्रमाणावरून टिकण्याचा काळ ठरतो.

१४ फेब्रुवारी २०२५

क्ष-किरण विवर्तनाचे आलेख आले; त्यांतील शिखरांच्या जागांवरून नमुन्यात कोणते स्फटिक आहेत ते कळते. दोन्ही भुकट्या तपासणीपूर्वी १००० अंशांना भाजल्या होत्या, कारण वाळवलेल्या अवक्षेपात गुणोत्तर कमी असले तरी आलेख अ‍ॅपेटाइटसारखाच दिसतो. भाजल्यावर मात्र लपलेले उघड होते: कॅल्शियम कमी असेल तर बीटा टीसीपी वेगळे होते, जास्त असेल तर सुटा चुना वेगळा होतो.

‘अ’मध्ये ३१.८ अंशांजवळचे (हे अंश विवर्तनाच्या कोनाचे, तापमानाचे नव्हेत) अ‍ॅपेटाइटचे मुख्य शिखर आहेच, पण ३१.० अंशांजवळ बीटा टीसीपीचे शिखरही ठळक आहे. शिखरांच्या उंचीवरून बीटा टीसीपी सुमारे एक चतुर्थांश असावे. गणिताशी हे जुळते. ‘अ’चे खरे गुणोत्तर १.६२ येते आणि १.६२ ला सिद्धांताने वजनाचा साधारण २६ टक्के भाग बीटा टीसीपी व्हायला हवा. १.६७ आणि १.६२ यांतील फरक तीन टक्क्यांच्या आसपास आहे. तेवढ्या फरकाने पदार्थाचा चौथा हिस्सा बदलतो. १.६५ लाही सुमारे ९ टक्के बीटा टीसीपी येते. भुकटी दोन्ही वेळा तितकीच पांढरी, तितकीच मऊ दिसते. टरफलांपासून हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट केल्याचे सांगताना गुणोत्तर आणि भाजल्यानंतरचा आलेख दिला नसेल, तर नेमके काय केले हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नसतो, हे माझे मत आजच्या आलेखांनी पक्के झाले.

‘ब’ अधिक विचार करायला लावणारा निघाला. १.६७ अचूक ठेवूनही ३१.० अंशांजवळ पुसट शिखर आहे, आणि भुकटीवर फिनॉल्फ्थॅलिन (अल्कलीत गुलाबी होणारा रंगदर्शक) टाकल्यावर फिकट गुलाबी रंग आला, म्हणजे थोडा सुटा चुनाही आहे. एकाच नमुन्यात कॅल्शियम कमी असल्याची आणि जास्त असल्याची खूण एकत्र कशी? याचे उत्तर मॅग्नेशियममध्ये आहे. मॅग्नेशियमचा अणू कॅल्शियमपेक्षा लहान असतो. अ‍ॅपेटाइटच्या जाळीत तो नीट बसत नाही, पण बीटा टीसीपीच्या जाळीत चांगला बसतो आणि तिला स्थैर्य देतो. त्यामुळे एकूण हिशोब अ‍ॅपेटाइटचा असला तरी मॅग्नेशियम आपल्याभोवती थोडे बीटा टीसीपी उभे करते आणि त्यापोटी वाचलेले कॅल्शियम चुना म्हणून उरते. रासायनिक गट ओळखण्याच्या इन्फ्रारेड आलेखात (आकडे प्रति सेंटिमीटरचे) फॉस्फेटचे ५६५ आणि ६०३ हे पट्टे स्पष्ट आहेत, ३५७० चा हायड्रॉक्सिलचा पट्टाही आहे.

यावरून पुढील दिशा ठरवली. टरफलाच्या कॅल्शियममधून निखळ हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट काढण्याचा अट्टहास करायचा असेल तर मॅग्नेशियम आधी वेगळे करावे लागेल आणि टरफल स्वस्त असल्याचा लाभ संपेल. त्याऐवजी बीटा टीसीपी हवे तेवढे ठेवूनच पदार्थ घडवायचा. १.६० या गुणोत्तराला सिद्धांताने ६२ टक्के हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट आणि ३८ टक्के बीटा टीसीपी मिळते, जे बाजारातील द्विप्रावस्था दाण्यांच्या नेहमीच्या ६०:४० प्रमाणाच्या जवळ आहे. सुट्या चुन्याला तेथे जागाच राहत नाही. धुळ्याच्या डॉक्टरांना हवा असलेला मधला मार्गही हाच आहे. या घाण्याला ‘क’ म्हणू.

६ मार्च २०२५

‘क’ तयार झाला. फिनॉल्फ्थॅलिनला रंग नाही. वड्या ११०० अंशांना दोन तास भाजणार आहोत. याहून वर नेणार नाही, कारण ११२५ अंशांच्या सुमारास बीटा टीसीपीचे अल्फा रूपात परिवर्तन होते आणि अल्फा रूप फार लवकर विरघळते. मॅग्नेशियम ही मर्यादा वर सरकवते, पण त्याच्या भरवशावर तापमान वाढवणे मला मान्य नाही. दुपारी वीज जाण्याचे प्रमाण वाढल्यामुळे भाजणी रात्री ठेवली आहे.

२७ मार्च २०२५

छिद्रांचा प्रश्न. दाट वडीत हाड शिरू शकत नाही. पेशी आणि रक्तवाहिन्या आत जाण्यासाठी १०० मायक्रोमीटरहून मोठी आणि एकमेकांना जोडलेली छिद्रे लागतात, ३०० च्या आसपास असतील तर रक्तवाहिन्यांना अधिक सोयीचे. रूढ पद्धत स्पंजची आहे: पॉलियुरेथेनचा स्पंज सिरॅमिकच्या राबडीत बुडवायचा, पिळायचा, वाळवायचा आणि भट्टीत स्पंज जाळून टाकायचा. स्पंजच्या काड्यांवर बसलेले सिरॅमिक मागे उरते.

रावेरहून येणाऱ्या विद्यार्थ्याने केळीच्या खांबाचा धागा वापरण्याची सूचना केली. घड उतरवल्यावर आपल्याकडे खांबांचे ढीग बांधावर पडतात आणि तो धागा जळून गेल्यावर सिरॅमिकमध्ये लांब, एका दिशेच्या नळ्या राहतील, जशा लांब हाडाच्या दाट भागात रक्तवाहिन्यांच्या नळ्या असतात. कल्पना मला फार आवडली आणि ती काळजीपूर्वक तपासण्याजोगी होती. अडचण राखेची आहे. केळीच्या खांबाच्या राखेत पोटॅशियम भरपूर असते. पूर्वी ती कपडे धुण्यासाठी वापरत ते त्यातील क्षारामुळेच. धागा घालून भाजलेली वडी पाण्यात भिजवली, ते पाणी ज्योतीत धरले आणि निळ्या कोबाल्ट काचेतून पाहिले तेव्हा जांभळी छटा स्पष्ट दिसली. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत पालाश मोजण्यासाठी फ्लेम फोटोमीटर असतो, त्यावर मोजल्यावर पोटॅशियमची खात्री पटली. धागा विरल आम्लात भिजवून, धुऊन घेतल्यावर पोटॅशियम पुष्कळ घटले, पण पूर्ण गेले नाही.

पोटॅशियम शरीराला परके नाही, पण भाजताना ते फॉस्फेटशी संयोग पावून सहज विरघळणारी संयुगे करू शकते आणि मग आमच्या विरघळण्याच्या मापात दुसराच घटक मिसळतो. म्हणून या प्रकल्पाचे नमुने स्पंजच्याच पद्धतीने करायचे आणि केळीच्या धाग्याचे काम त्या विद्यार्थ्याने स्वतंत्र विषय म्हणून पुढे न्यायचे, असे ठरले. त्याने तो विषय सोडू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

२१ एप्रिल २०२५

आजपासून शरीरद्रवसदृश द्रावणातील, म्हणजे एसबीएफमधील चाचणी सुरू झाली. हे द्रावण क्योटोच्या तादाशी कोकुबो यांनी रूढ केले. त्यातील आयनांचे प्रमाण रक्तद्रवाच्या जवळ असते: लिटरमागे सोडियम १४२, कॅल्शियम २.५, फॉस्फेट १.० मिलिमोल. क्लोराइड मात्र जास्त, १४७.८, आणि बायकार्बोनेट बरेच कमी, ४.२ असते, रक्तद्रवात ते अनुक्रमे १०३ आणि २७ आहेत.

द्रावण प्लॅस्टिकच्या भांड्यात केले. काचेच्या भिंतीवर, विशेषतः ओरखड्यांवर, अ‍ॅपेटाइट बसू लागते. क्षार ठरलेल्या क्रमाने, आधीचा पूर्ण विरघळल्यावरच पुढचा, असे घातले, आणि शेवटी ट्रिस (पीएच स्थिर राखणारे संयुग) घालत ३६.५ अंशांना पीएच ७.४० वर आणला. तापमानाची अट येथे केवळ औपचारिक नाही. ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर घसरतो, त्यामुळे २५ अंशांना ७.४० करून ठेवलेले द्रावण शरीराच्या तापमानाला ७.४० राहत नाही.

आपल्याकडची खरी अडचण उन्हाळ्याची आहे. साध्या इन्क्युबेटरला फक्त तापवता येते. प्रयोगशाळेतील हवाच दुपारी ३६.५ च्या वर जाते तेव्हा तो काहीही करू शकत नाही, आणि द्रावण खोलीबरोबर तापत जाते. कॅल्शियम फॉस्फेट तापमान वाढले की अधिक सहज खाली बसते, म्हणजे नमुन्याने न केलेल्या कामाचे श्रेय नमुन्याला मिळेल. थंड करण्याची सोय असलेला बीओडी इन्क्युबेटर वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी २८ दिवसांसाठी दिला; त्यांचे बीजांकुरणाचे काम त्यांनी पुढे ढकलले, याबद्दल त्यांचे आभार येथे नोंदवतो. प्रत्येक खेपेबरोबर नमुना नसलेली एक रिकामी बाटलीही ठेवली आहे. तीत गढूळपणा आला तर त्या खेपेचे सर्व निकाल बाद.

९ मे २०२५

स्पंज पद्धतीच्या ‘क’ तुकड्यांची दाबशक्ती ०.६ मेगापास्कलच्या आसपास आली. जाळीदार हाडाची २ ते १२ आणि दाट हाडाची १३० ते १८० मेगापास्कल असते. भार घेणाऱ्या जागी हा पदार्थ एकटा वापरता येणार नाही. बंदिस्त पोकळीत भरण्याचे दाणे, एवढीच त्याची जागा. डॉक्टरांना तसे कळवले.

१६ जून २०२५

एसबीएफचे निकाल हाती आले. रिकाम्या बाटल्या शेवटपर्यंत निवळ राहिल्या. ‘ब’च्या दाट वड्यांवर १४ दिवसांनंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बारीक पापुद्र्यांसारख्या स्फटिकांचा थर दिसतो आणि २८ दिवसांनी तो जवळजवळ सगळीकडे पसरलेला आहे. इन्फ्रारेडमध्ये १४१५ व १४५५ जवळ कार्बोनेटचे पट्टे नव्याने आले आहेत. म्हणजे नवा थर हाडातल्यासारखा कार्बोनेटयुक्त अ‍ॅपेटाइटचा आहे. ‘क’वर थर तुटक आहे आणि काही भाग २८ दिवसांनंतरही उघडे आहेत.

‘ब’ अधिक जैवसक्रिय (हाडाशी जुळणारा) आणि ‘क’ कमी, असा अर्थ विद्यार्थिनीने प्रथम लावला. तो लावता येत नाही, असे माझे म्हणणे आहे. बीटा टीसीपी प्रत्यक्ष शरीरात हाडाशी जुळते, तरी एसबीएफमध्ये त्यावर थर येतोच असे नाही. २००९ मध्ये बोनर आणि लमेत्र या संशोधकांनी या चाचणीच्या मर्यादा सविस्तर मांडल्या होत्या. एसबीएफमध्ये प्रथिने नाहीत, पेशी नाहीत, ऑस्टिओक्लास्ट नाहीत. ते अ‍ॅपेटाइटच्या बाबतीत आधीच अतिसंपृक्त असते. त्यावरून पृष्ठभागावर खनिज बसते का एवढे कळते. शिवाय ‘ब’मधला थोडा सुटा चुना जवळच्या द्रावणाचा पीएच वाढवून थर बसण्यास मदत करत असणार, आणि तोच चुना पेशींना मात्र अपायकारक ठरू शकतो. जो नमुना या चाचणीत सरस दिसतो तो पुढच्या चाचणीत मागे पडण्याची शक्यता आहे, आणि म्हणूनच पुढची चाचणी टाळता येणार नाही.

ती पेशीविषाक्ततेची, म्हणजे पदार्थ पेशींना अपायकारक आहे का हे पाहण्याची, आयएसओ १०९९३ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पाचव्या भागाप्रमाणे होईल. ती आपल्याकडे होणार नाही, बाहेर पाठवावी लागेल. त्याआधी जड धातूंची तपासणी करायची आहे. रोपणासाठीच्या हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटमध्ये किलोमागे आर्सेनिक ३, कॅडमियम ५, पारा ५ आणि शिसे ३० मिलिग्रॅमच्या पुढे चालत नाही. कोंबडीच्या खाद्यातून आणि पाण्यातून टरफलात काय उतरले असेल हे त्याशिवाय समजणार नाही, आणि टरफलांची पुढील प्रत्येक खेप आली की ही तपासणी पुन्हा करावी लागेल.

‘क’चे १ ते २ मिलिमीटरचे दाणे चाळून, धुऊन, १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करून तीन बाटल्यांत भरले आहेत. तुलनेसाठी ‘ब’ही पाठवत आहोत. बाटल्यांवर घाण्याचे अक्षर, मोजलेले गुणोत्तर, मॅग्नेशियमचे प्रमाण आणि भाजणीचे तापमान लिहिले असून ‘ब’च्या चिठ्ठीवर सुटा चुना असल्याची वेगळी नोंद केली आहे.